धोळावीराच्या टेंटला ॲडव्हान्स भरला, टेंटच नव्हता

आम्ही चौघं बेळगावजवळच्या खानापूरचे, दरवर्षी कमी पैशात कुठंतरी जुनी ठिकाणं बघायला जातो. यंदा कच्छच्या रणातलं धोळावीरा ठरलं, हडप्पा काळातल्या शहराचे अवशेष आहेत तिथं. बेंगळूर-गांधीधाम गाडी बेळगाववरनंच जाते, स्लीपरचं तिकीट काढलं, राहायचं तेवढं बाकी होतं.

मॅपवर एक टेंटवाला दिसला. मी मोडक्या हिंदीत सुरू केलं तर समोरचा म्हणतो, "कुठनं बोलताय ओ? बेळगाव? अरे मी मूळचा निपाणीचा की!" संपलं. बसच्या पाटीपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत सगळं कन्नडात बघणारी माणसं आम्ही, इतक्या लांब कोण मराठीत बोललं की विरघळलोच. वर म्हणतो, "येताना कुंदा आणा, पैसे देतो." बेळगावची ही मिठाई मागणारा फसवेल असं कुणाला वाटणार सांगा.

टेंटचा निम्मा ॲडव्हान्स ४८०० पाठवला. यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं, विचारलं तर "मिसेसचं खातं". दोन दिवसांनी बॉर्डर एरिया म्हणून परमिटचे माणशी ५०० मागितले, तेपण दिले. गाडी पुण्याच्या पुढं गेल्यावर क्यूआर कोड आला, परमिट कॅन्सल झालंय, स्कॅन करून पिन टाका, २००० परत येतील. आमच्यातला एकजण पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची बचत, गोळा करतो, त्यानं फोनच काढून घेतला, "पैसे यायला पिन कशाला लागतोय रे?" त्यानंतर नंबर बंद. त्याच रात्री १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला पाहिजे होता, लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. आम्ही घरी जाऊन बघूया म्हणून सहाव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं.

तरीपण गेलो, तिकिटं काढलेली होती ना. रापरच्या पुढं दोन्ही बाजूला नुसतं पांढरं मीठ आणि मधनं रस्ता. गावातल्या चहावाल्याला टेंटचे फोटो दाखवले तर हसला, म्हणे हे धोरडोच्या रण उत्सवातले टेंट, परमिट लागतं ते तिकडच्या पांढऱ्या रणाला, इथले अवशेष बघायला नाही. त्यानंच एका घरात खोली बघून दिली, चौघांचे मिळून १२००, बाजरीच्या रोटल्यासकट.

जागा मात्र बघण्यासारखी. पाच हजार वर्षांमागं पावसाचं पाणी साठवायला खडकात खोदलेले हौद बघून टँकरची वाट बघणारे आम्ही गप्पच झालो. २०२१ ला युनेस्कोच्या यादीत गेलंय. उत्तरेच्या दरवाज्यापाशी दहा अक्षरांची पाटी सापडलेली, अजून कुणाला वाचता आली नाही. पिग्मीवाला म्हणतो, बरं झालं, नाहीतर कुठल्या भाषेत लावायची म्हणून भांडण झालं असतं.

निघताना बॅगेतला अर्धा किलो कुंदा चहावाल्याला दिला. त्यानं डबा उघडून वास घेतला, आणि खिशात हात घालत विचारलं, "कितने हुए?"