माणग्याच्या घरात १४ महिने

कुडाळ तालुक्यात गावच्या जागेत आम्ही दोन खोल्या आणि पडवी एवढंच घर बांधलं. जोतं जांभ्याचं, खांब-वासे माणगा बांबूचे, भिंती कुडाच्या, म्हणजे काठ्यांच्या विणीवर मातीचा लेप, वर मंगलोरी कौलं. एक अख्खा पावसाळा काढलाय, म्हणून आता लिहितोय.

पायाच्या वेळी शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "गोठो बांधतास काय?" यंदा मे महिन्यात दुपारच्या त्याच आमच्या पडवीत येऊन पडायच्या. त्यांच्या स्लॅबची धग रात्री उशिरापर्यंत जात नाही.

खरी कटकट बांबू पोखरणाऱ्या भुंग्याची. माणगा बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव, खांबाला उत्तम. पण बांबूच्या अंगात स्टार्च असतो आणि भुंगा त्यासाठीच येतो. म्हणून तीन वर्षांवरच्या काठ्या थंडीत तोडून बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या पाण्यात आठवडाभर बुडवल्या होत्या. शेवटी रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, कमी पडल्या. मेस्त्री म्हणाला, "बावीसच तर हत, तशेच मारूया." मीही घाईत हो म्हटलं. ऑगस्टात रोज सकाळी चादरीवर पिवळसर पिठी. आधी पोरांवर ओरडलो, बिस्किटं खाता म्हणून! मग वर बॅटरी मारली तर रिपांना टाचणीएवढी भोकं. पावसाळा संपल्यावर कौलं उतरवून बावीसच्या बावीस बदलल्या. बुडवलेल्या काठ्यांना आजवर एक भोक नाही.

दुसरी चूक वळचणीची, म्हणजे भिंतीबाहेर येणाऱ्या छपराच्या कडेची. अडीच फूट ठेवली होती. कोकणात जुलैचा पाऊस आडवा येतो, आणि बोरॅक्स जसा पाण्यात विरघळतो तसाच पाण्याने धुऊनही जातो. पश्चिमेकडचे दोन खांब बुडाशी काळे पडले. ते कापून खाली दीड फूट जांभा चढवला, वळचण चार फुटांवर नेली.

कुडाला तडे जातात. माती, शेण, भाताचा तूस कालवून बुजवायचे, सारवायचं. दिवाळीआधी एक रविवार त्यातच गेला. भिंतीला खिळा मारायची सोय नाही, कॅलेंडर सुतळीने खांबाला बांधलंय. कर्जाचं म्हणाल तर एका बँकेने 'कच्चं बांधकाम' म्हणून फाईल परत केली, सगळा खर्च खिशातून.

न्हाणीघर मात्र जांभा-सिमेंटचंच आहे. तिथे बांबू लावायची हौस मला अजिबात नाही.