इंजिन गार्ड लावताय? आधी ड्रेन बोल्टचं भोक बघा (वॅगनआर, डिचोली ते काझा)

परवा सर्व्हिसला गाडी टाकली आणि परत तोच तमाशा झाला, म्हणून लिहायला बसलो. गाडी 2016 ची वॅगनआर, 1 लिटर पेट्रोल, बाकी स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. 2024 ला चवथ आटपली, गणपती पोचवले आणि चार दिवसांनी हिच्यातूनच हिमाचलातल्या स्पितीला, म्हणजे काझाला गेलो, मी, बायको आणि मेहुणा. जाऊन येऊन साडेपाच हजार किलोमीटर. गाडीने काही त्रास दिला नाही. त्रास दिला तो इंजिनखाली दगडांपासून वाचवायला लावलेल्या पत्र्याने, म्हणजे गार्डने, म्हणजे गार्डनेही नाही, गार्डला नसलेल्या भोकाने.

बाकी तयारी साधीच होती. नवी बॅटरी, दोन नवे टायर, पंक्चर किट, हवेचा पंप. ब्रेक ऑइल मात्र आठवणीने बदला, जुनं ऑइल पाणी धरतं आणि लांब उतारावर उकळलं की पेडल सरळ खाली जातं. 10 लिटरचा कॅन विकत घेतला तो वाया गेला, मनालीत टाकी फुल केली की काझाचा पंप दोनशे किलोमीटरवर आहे, 35 लिटरच्या टाकीत आरामात होतं. तो कॅन आता आई तुळशीला पाणी घालायला वापरते.

तर गार्ड. वॅगनआरचा क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यातलं अंतर, 165 मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. तीन माणसं आणि सामान भरलं की किती उरतो ते आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरला विचारा. ऑनलाइन तयार गार्ड महाग वाटला म्हणून जानेवारीत उसगावच्या एका वेल्डरकडे बनवून घेतला. हा माणूस पूर्वी खाणीच्या टिप्परची कामं करायचा, 2018 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हापासून गेटं, ग्रिल आणि आमच्यासारख्यांचे गार्ड. 3 मिमीचा लोखंडी पत्रा, सहा बोल्ट, 2800 रुपये. वजन 10 किलो. अ‍ॅल्युमिनियमचा तेवढाच जाड पत्रा एक तृतीयांश वजनात झाला असता पण त्याचा भाव ऐकून मी विषय बदलला.

पहिल्या आठवड्यात सत्तरच्या स्पीडला खालून घूंऽऽ आवाज. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून बोल्टखाली घातले, गेला. खर्च शून्य. गार्डने हवा अडते म्हणून इंजिन तापेल अशी भीती सगळ्यांनी घातली होती, स्वस्तातला ओबीडी डोंगल (इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून चोर्ला घाट चढलो, कूलंट 98 अंशांच्या वर गेलं नाही. मी खूश.

मग मे महिन्यात सर्व्हिस. ऑइल बदलायचं म्हणजे ड्रेन बोल्ट उघडायचा, आणि त्याच्या बरोबर खाली माझा टिप्परछाप पत्रा, त्याला भोकच नाही! सर्व्हिस सेंटरवाल्याने गार्ड काढून परत लावायचे 600 लावले, वर 18 टक्के जीएसटी, 708. ऑइलच्या डब्याएवढे पैसे नुसते सहा बोल्ट फिरवायला. मी भांडलो, तो म्हणाला, "साहेब, बाहेरचं फिटिंग आहे." तसाच उसगावला गेलो. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "टिप्परवाल्याने कधी भोक मागितलं नाही हो." शंभर रुपयांत बोल्टच्या बरोबर खाली गोल भोक पाडून दिलं.

इथे मला वाटलं विषय संपला. निघायच्या आधी 708 वाचवायचे म्हणून ऑइल घरीच बदललं. पाना भोकातून छान गेला, बोल्ट सुटला, आणि ऑइल काही भोकात पडलं नाही. गरम ऑइलची धार सुरुवातीला सरळ खाली येत नाही, तिरकी लांब उडते, आणि ऑइल संपत आलं की मग जवळ पडते. माझी धार भोकाच्या चार बोटं पलीकडे गार्डवरच पडली. म्हणजे गोल भोक नको, धारेच्या दिशेने लांबट खाच पाहिजे, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतोय. बेळगाव सोडून कोल्हापूरपर्यंत जळक्या ऑइलचा वास, मेहुणा दर अर्ध्या तासाने "भाऊजी, काहीतरी जळतंय."

गार्डला एक स्टार द्यायचं तेव्हाच ठरवलं होतं. पण.

अटल टनेलमधून बाहेर पडून कोकसरवरून ग्रांफूला आलो आणि बातलकडे वळलो. त्याला रस्ता म्हणतात कारण नकाशात रेघ आहे. नाले सकाळी ओलांडायचे, दुपारी वर बर्फ वितळून पाणी वाढतं, हे मला माहीत होतं, पण छत्रूला चहा लांबला. दुपारी दोनला एका नाल्यात पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि खालून असा आवाज आला की बायकोने माझा दंडच धरला. दगड सरळ गार्डवर. सम्पवर, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यावर, बसला असता तर ऑइल त्या नाल्यात आणि आम्ही मनालीहून टोइंगची वाट बघत. वर कुंझुम खिंडीत, 4,551 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी, एसी बंद, पहिला गिअर, तरी चढली बिचारी. त्या 10 किलोंबद्दल तिथे एक शब्द बोललो नाही.

काझाला खाली झोपून बघितलं. पत्रा इंचभर आत गेलेला, आणि गार्डच्या वरच्या बाजूला डिचोलीची तांबडी माती ऑइलमध्ये मळून चिऱ्यासारखी घट्ट बसलेली. पावसाळाभर साठवली आणि स्पितीपर्यंत फुकट वाहून नेली. स्क्रूड्रायव्हरने खरवडली, अर्धी पिशवी निघाली.

आता परवाची गोष्ट. पत्रा आत दबल्यामुळे भोक सरकलंय, पाना जात नाही. म्हणजे परत सहा बोल्ट, परत 708. त्यात आपल्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजलेले, एक काढताना तुटला. ग्रीस लावून ठेवायला हवे होते ही माझी चूक, मान्य. पण बिल आलं तेव्हा मी म्हटलं, सहाचे सहाशे ना, परत लावले पाचच, मग पाचशे घ्या. पोरगा माझ्याकडे बघत राहिला, आत जाऊन विचारून आला आणि 590 चं बिल काढलं.

रविवारी उसगावला जातोय, लांबट खाच मारायला. पत्रा ठोकून सरळ करायचे वेगळे मागितले तर तसाच वाकडा ठेवणार आहे.