बाल्डर्स गेट ३, टेबलावरच्या मंडळींच्या नजरेने: एक पडला की सगळं मुसळ केरात

ग्राफिक्स, आवाज, कथा यांबद्दल इथे काही मिळणार नाही. २०२३ चा सर्वोत्तम गेम म्हणून जागोजागी बक्षिसं घेतलेल्या गेमचं मी वेगळं कौतुक ते काय करणार? आम्ही फोंड्याचे चौघे, वर्षानुवर्षं टेबलाभोवती बसून डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर आणि बोलण्यावर चालणारा कथाखेळ, खेळणारे. शाळेत गणित शिकवणारे सर आमचे डीएम (डंजन मास्टर), म्हणजे गोष्ट सांगणारे आणि नियम चालवणारे. आता गेले काही महिने त्याच नियमांवर बेतलेला हा व्हिडिओ गेम ऑनलाइन चालू आहे. मला सांगायचंय ते मुख्यतः एका आकड्याबद्दल.

डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम ज्यांना ठाऊक आहेत त्यांना लगेच कळेल. वीस पडला तर हमखास यश आणि एक पडला तर हमखास अपयश, हे हल्ल्याच्या रोलपुरतं (रोल म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकणं). कुलूप उघडणं, भिंत चढणं, थाप मारणं यांत एक म्हणजे नुसता एक. त्यात बोनस मिळवायचा, बेरीज पुरली तर काम झालं. या गेममध्ये मात्र स्किलच्या रोललाही एक पडला की खेळ खलास, बोनस कितीही असो. माझी चोर पाचव्या लेव्हलला होती. डेक्स्टॅरिटीचे (चपळाईचे) ४, एक्स्पर्टीजचे (खास कसबाचे) ६, बोनस एकूण १०. समोरचं कुलूपही १० चं, म्हणजे बेरीज दहा झाली की उघडणारं. टेबलावर सरांनी फासा टाकायलासुद्धा सांगितलं नसतं. उघडलं, पुढे चल, एवढंच म्हणाले असते. इथे तीच बाई विसात एकदा अचानक अडाणी होते आणि वर अवजार मोडून बसते. हो, कुलूप नाही उघडलं की थीव्ज टूल्स खर्ची पडतात. ती मी व्यापाऱ्याकडे नाणी मोजून घेतलेली असतात. गेममधले पैसे असले म्हणून काय झालं, पैसे ते पैसे.

पाच टक्के म्हणजे काहीच नाही, असं आमच्यातला एक जण म्हणतो. तो लढवय्या आहे, कुलपं मीच उघडते, त्याचं काय जातं?

खऱ्या पैशांचंही सांगते. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पूर्ण किंमत २,९९९ रुपये आणि ऑनलाइन खेळायचं तर प्रत्येकाची वेगळी प्रत. पीसीवाल्या आम्ही तिघांनी मिळून नऊ हजार घातले. सरांच्या मुलाकडे पीएस ५ वर तो आधीच होता, पण क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळायची सोय, नसल्यामुळे सर आमच्यात येऊ शकत नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये पॅच ८ हा अपडेट आला, त्यात क्रॉसप्ले मिळाला, तेव्हाच आमचं जमलं. शिवाय एसएसडीवर १५० जीबी जागा लागते. नवी एसएसडी घेतली तो खर्च मी घरी अजून सांगितलेला नाही. टेबलावर आमचा खर्च काय होता? मूळ नियम फुकट उतरवून घेतलेले, फाशांचा एक संच आणि भाजी-पाव.

आग्नेल तारवटी आहे. बोटीवर गेला की महिनोन्‌महिने नाही. टेबलावर असं झालं की त्याचा बुटका योद्धा घोडे सांभाळायला मागे राहायचा. गेममध्ये निघून गेलेल्या मित्राचं पात्र तसंच पार्टीत अडकून राहायचं. पॅच २ मध्ये त्यासाठी आपल्या छावणीत विदर्स नावाच्या पात्राचं एक कपाट आलं. त्यात गैरहजर माणसाला ठेवून देता येतं. आग्नेल सध्या कपाटात आहे. त्याला कळवलं तर त्याने हसण्याची चित्रं पाठवली.

जूनमध्ये माझा लॅपटॉप गेला. पणजीतल्या सर्व्हिस सेंटरवाल्याने बोर्डावरचा हिरवट थर दाखवला आणि दमट हवेने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाला. गोव्यात दुकान मांडायचं, पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल, आणि दमट हवा वॉरंटीत नाही! दोनदा भांडून आले, शेवटी अर्धे पैसे माझेच गेले. त्या काळात माझे २,९९९ नुसते पडून होते म्हणून जीव तळमळत होता. तेव्हा सर म्हणाले, घरी ये, स्प्लिट-स्क्रीनवर दोघं नवीन सुरू करू. एकाच प्रतीवर दोन माणसं. हे आधी का नाही सुचलं कुणाला? एक्सबॉक्स सिरीज एसवाल्यांना मात्र ही सोय पॅच ८ पर्यंत नव्हती, हे लक्षात ठेवा.

आणि इथे माझं मत हललं. इतकी वर्षं सर टेबलावर आडपडदा उभा करून त्यामागे, आम्हाला न दिसता, फासे टाकायचे. आता पहिल्यांदाच ते आमच्यासारखे साधे खेळाडू झाले. मोठा वीस बाजूंचा फासा स्क्रीनवर गडगडतो, दोघंही श्वास रोखून बघतो. त्यांचा जादूगार गावकऱ्याशी बोलत बसला की मी दुसऱ्या अर्ध्या पडद्यावर त्याच्याच घरातल्या पेट्या उघडत फिरते. टेबलावर हे एकाच वेळी करायची सोय नव्हती, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्या संध्याकाळी काकू दोनदा जेवायला बोलवून गेल्या.

मग सेटिंगमध्ये सरांना ‘कार्मिक डाइस’ सापडले. हे मुळातच चालू असतात. लागोपाठ अपयश येऊ नये म्हणून गेम फाशांना थोडं सावरून घेतो. मी म्हटलं, ही तर लबाडी. सर शांतपणे म्हणाले, “पडद्यामागे मी काय करत होतो असं वाटतं तुला?” आता त्यांना ते चालू हवेत, मला बंद. ऑनलाइनच्या गटातही हाच वाद चालू आहे. आग्नेल रजेवर आला की मतदान.

दुसरा शोध माझा. नव्या डावात मी हाफलिंग, म्हणजे ठेंगण्या वंशातली, घेतली. हाफलिंगच्या नशिबात एक पडला तर फासा पुन्हा टाकता येतो, कुलपालासुद्धा! फेटा उडवावा असा आनंद झाला. आधीच्या डावातल्या अर्ध-एल्फ चोराला मात्र हा इलाज नाही. विदर्सला १०० नाणी दिली की क्लास (पात्राचा पेशा) बदलतो, वंश नाही बदलत. अकराव्या लेव्हलला चोराला ‘रिलायबल टॅलेंट’ मिळतं, निपुण असलेल्या स्किलमध्ये फासा दहाच्या खाली धरला जात नाही. पण गेमची मर्यादाच बाराव्या लेव्हलपर्यंत. म्हणजे दुखणं बरं होईपर्यंत गाडी गावाला पोचलेली.

उणीव राहते ती डीएमचीच. पेडण्याकडच्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, समोरचा काय बोलतो त्यावर पुढचं ठरतं. आमचं टेबल तसं चालायचं. एकदा आग्नेलने पहारेकऱ्याला बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं आणि सरांनी अख्खं लग्न उभं केलं. इथे यादीत असेल तेवढंच बोलायचं. पिंपं रचून उडवता येतात, शत्रूला कड्यावरून ढकलता येतं, त्यात कंजुषी नाही, पण लग्नाचं आमंत्रण नाही. २००२ च्या नेव्हरविंटर नाइट्स या डी अँड डीवरच्या गेममध्ये डीएमसाठी वेगळा क्लायंट (प्रोग्राम) होता, माणूस आत शिरून कुठल्याही पात्राच्या तोंडून बोलू शकायचा. २००६ च्या डीडीओमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन) तर एका कबरस्तानाच्या मोहिमेचं निवेदन खुद्द डी अँड डीच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सच्या आवाजात आहे. ऐकायला छान, पण आवाज ध्वनिमुद्रित, प्रश्न विचारला तर उत्तर नाही. डीएम क्लायंटची ती वाट या गेमने का नाही धरली, याचं सरांना माझ्या कुलपापेक्षा जास्त वाईट वाटतं.

घ्यायचा असेल तर सेल लागेपर्यंत थांबा. दोघंच असाल आणि एकाकडे पीएस ५ असेल तर एकच प्रत घ्या. चौघं असाल तर आधी प्रत्येकाची एसएसडी तपासा, आणि वॉरंटीच्या कागदावर दमट हवेबद्दल काय लिहिलंय ते खरेदीआधी दुकानात उभं राहून वाचा.