मिलिंगला डीआरओ: ग्लास स्केल की मॅग्नेटिक?

डीआरओ (डिजिटल रीडआउट, म्हणजे मिलिंग मशीनचं टेबल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले आणि त्याच्या मोजपट्ट्या, म्हणजे स्केल) थेट टेबलाची हालचाल मोजतो, त्यामुळे स्क्रूचा बॅकलॅश (स्क्रू-नटमधला ढिलेपणा) आकड्यात येत नाही. हे ग्लास आणि मॅग्नेटिक दोन्ही स्केलांत सारखंच. ग्लास स्केल सहसा स्वस्त पडते, आणि 5 मायक्रॉनपर्यंत मोजणारी घरच्या कामाला भरपूर झाली. पण ती जाड असते, घरी कापता येत नाही, आणि छोट्या मशीनवर वाय अक्षाला (टेबलाची पुढे-मागे हालचाल) जागाच कुठे असते! बसवताना स्केलच्या रबरी पट्ट्यांची फट खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर कूलंट आणि कीस आत जातो. मॅग्नेटिक पट्टी हवी तेवढी कापून घ्या, तेल-पाण्याचं तिला काही वाटत नाही. फक्त डायल गेजचा चुंबकी स्टँड चुकूनही तिच्यावर टेकवू नका. पट्टीवरचं चुंबकांकन बिघडलं की माप गेलंच. मी तरी वायला मॅग्नेटिकच घेईन. एक्सला (डावी-उजवी हालचाल) ग्लास चालेल, पण दोन्हींचे सिग्नल एकच डिस्प्ले घेतो का, ते आधी विचारून घ्या.