एंडोमेंट पॉलिसी घ्यावी की टर्म विमा आणि पीपीएफ?

तिशीतला कमावता माणूस, घरात लहान मूल, वर्षाला ४०,००० रुपये बाजूला टाकायची तयारी. अशा घरात बहुतेक वेळा ओळखीतला एजंट येतो आणि एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, मुदत संपल्यावर पैसे परत देणारी पॉलिसी, गळ्यात पडते. दुसरा पर्याय टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, आणि उरलेल्या पैशांचं पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं बचत खातं. त्यावर घरचे म्हणतात, ‘टर्मचे पैसे बुडतात, परत काहीच मिळत नाही.’ माझ्या मते पैशांच्या बाबतीत मराठी मध्यमवर्गाचं सगळ्यात जास्त नुकसान या एका समजुतीने केलं आहे.

हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या वयाप्रमाणे थोडे बदलतील.

एंडोमेंटमध्ये २५ वर्षं ४०,००० भरले आणि विमा रक्कम १० लाख आहे असं धरू. विमा रकमेच्या दर हजारामागे ४५ रुपये बोनस (कंपनीच्या नफ्यातला वाटा) धरला तर दरवर्षी ४५,००० जमा होतात. पण हा बोनस फक्त मूळ विमा रकमेवर मिळतो, आधीच्या बोनसवर बोनस चढत नाही. शेवटी हाती सव्वाएकवीस लाख. आकडा भरघोस वाटतो, पण परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आतच राहतो.

आता त्याच ४०,००० मधून ८,००० रुपयांत ५० लाखांचा टर्म विमा घेतला आणि ३२,००० पीपीएफमध्ये टाकले. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, पण हाच टिकला असं धरलं तर २५ वर्षांनी जवळपास २२ लाख होतात. खातं १५ वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. व्याज करमुक्त.

म्हणजे ‘बुडालेले’ आठ हजार धरूनही शेवटची रक्कम कमी पडली नाही. आणि कमावता माणूस पाचव्याच वर्षी गेला तर? एंडोमेंटवाल्या घराला बारा लाखांच्या आसपास मिळतील. टर्मवाल्या घराला ५० लाख, शिवाय पीपीएफमधली शिल्लक. बारा लाखांत घरखर्च, गृहकर्ज आणि मुलाचं शिक्षण भागत नाही. विमा घेतला होता तो याच दिवसासाठी.

एंडोमेंटच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: शिस्त. हप्ता चुकेल या धाकाने पैसे साठतात. पण पीपीएफमधूनही सातव्या वर्षापर्यंत सहसा पैसे काढता येत नाहीत. उलट नोकरी गेली तर त्या वर्षी ५०० रुपये भरूनही खातं चालू राहतं. पॉलिसीला पूर्ण हप्ताच लागतो.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. एलआयसीच्या पॉलिसींना १९५६ च्या कायद्याने केंद्र सरकारची हमी आहे, म्हणून वडीलधारे तिथेच जा म्हणतात. तर जरूर जा. टर्म पॉलिसी एलआयसीही विकते. आणि मार्चमध्ये ‘कर वाचवायला’ पॉलिसी घेणार असाल, तर नव्या करप्रणालीत हप्त्याची वजावट मिळतच नाही.

एंडोमेंट आधीच घेतली असेल तर घाईने सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. नवी असेल तर कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. मुदत संपायला तीन-चार वर्षंच उरली असतील तर चालू ठेवा. अधल्यामधल्या पॉलिसीसाठी सरेंडर आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं), दोन्हींचे आकडे लेखी मागवा. मात्र आधी टर्म पॉलिसी हातात येऊ द्या, मगच जुनीचा हप्ता थांबवा.

टर्मचा फॉर्म स्वतः भरा, एजंटवर सोडू नका. तंबाखू, मिश्री, बिडी, जुनी शुगर, सगळं लिहा. हप्ता वाढला तरी चालेल. पहिल्या तीन वर्षांत माहिती लपवल्याचं आढळलं तर कंपनी दावा नाकारू शकते, आणि तेव्हा उत्तरं द्यायला बायको एकटी असते.