मॉर्गन की पीस? थोडक्या पैशांत जुना चांदीचा डॉलर घेताना

दरवर्षी धनत्रयोदशी जवळ आली की न्यू जर्सीतल्या आमच्या गोतावळ्यात हा प्रश्न कुणीतरी काढतंच. "पूजेत ठेवायला नवीन लक्ष्मीछाप नाणं घेण्यापेक्षा इथलाच एखादा जुना चांदीचा डॉलर घेतला तर?" यंदा एका मैत्रिणीने विचारलं आणि बजेटही सांगून टाकलं: तीनशे डॉलर, वर एक सेंट नाही. तिला फोनवर तुटक तुटक सांगितलेलं इथे जरा नीट लिहिते.

एवढ्या पैशांत अठराव्या शतकातले डॉलर किंवा १८४० ते १८७३ मधले बसलेल्या लिबर्टीचे (स्वातंत्र्यदेवीचे) डॉलर यांचा विचार सोडून द्यायचा. मग राहतात दोन. मॉर्गन, म्हणजे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये निघालेला. आणि पीस, १९२१ ते १९२८ आणि १९३४-३५ मधला. (पीस म्हणजे शांतता, पिसाशी संबंध नाही. पिसांची भानगड खरं तर मॉर्गनमध्ये आहे. १८७८ च्या पहिल्या नाण्यांवर गरुडाच्या शेपटीला आठ पिसं होती, नंतर सात केली, आणि आठवाले आजही वेगळा भाव खातात.)

धातूच्या हिशेबात दोघं जुळे भाऊ. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के, बाकी तांबं. शुद्ध चांदी भरते २४.०६ ग्रॅम, म्हणजे आपल्या दोन तोळ्यांहून किंचित जास्त. इथले लोक औंसात बोलतात, तेव्हा ०.७७३४ हा आकडा पाठ करून ठेवा. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाला त्याने गुणलं की मोडीची किंमत मिळते. औंसाला ४० डॉलर भाव असेल तर एका नाण्यात ३० डॉलर ९४ सेंटची चांदी. त्याच्या वर जे काही मोजाल ते रूपाचं, दुर्मिळतेचं आणि दुकानदाराच्या पोटापाण्याचं. चांदी दोघांत सारखीच असल्यामुळे तुलना करायची ती या वरच्या पैशांत काय पदरात पडतं याची.

इथे मॉर्गनचं पारडं जड होतं, आणि त्याचं कारण गमतीदार आहे. १८७८ च्या कायद्याने अमेरिकी खजिन्यावर दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडायची सक्ती केली. पश्चिमेकडच्या खाणवाल्यांचा तो विजय होता. पण इतकं जड नाणं खिशात घालून हिंडायची लोकांना हौस नव्हती. त्यामुळे टाकसाळीतून निघालेले डॉलर हजार-हजारच्या पोत्यांत भरून तिजोऱ्यांत जाऊन पडले आणि कित्येक तसेच १९६०च्या दशकापर्यंत पडून राहिले. म्हणून आज १४० वर्षांपूर्वीचं, कुणाच्याही हाताळणीत न आलेलं नाणं सामान्य माणसाला परवडतं. जगातल्या फार थोड्या जुन्या नाण्यांबद्दल असं म्हणता येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीची १८७९ ते १८८२ ची नाणी त्यातली सरस. ठसा खोल, गालावर तुकतुकी, आणि उपलब्ध भरपूर. पाठीमागे पुष्पचक्राखाली छोटा 'एस' दिसला की ओळखायचं.

मात्र १९२१ चा मॉर्गन हा त्याच घराण्यातला सुमार पोरगा. १९०४ नंतर काम थांबलं होतं, जुने मूळ साचे मोडून टाकलेले होते, म्हणून घाईत नवे कोरले. ठसा उथळ आला. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को मिळून त्या एका वर्षात साडेआठ कोटींच्या वर नाणी पाडली. बाजारात सर्वांत स्वस्त मॉर्गन हाच. नवखा माणूस सन पाहून "शंभर वर्षांपूर्वीचं!" म्हणत भुलतो आणि त्याच पैशांत १८८१ चं देखणं नाणं मिळालं असतं हे त्याच्या ध्यानात येत नाही.

पीस डॉलरची गोष्ट उलट. नाणं पाहताक्षणी आवडतं. अँथनी डी फ्रान्चिस्ची या इटलीत जन्मलेल्या शिल्पकाराने बायको तेरेसाला समोर बसवून लिबर्टी घडवली. मुकुटाचे किरण, वाऱ्यावर उडणारे केस, मागे खडकावर पंख मिटून बसलेला गरुड. पहिल्या आराखड्यात त्या गरुडापाशी मोडलेली तलवार होती. मोडलेली तलवार म्हणजे पराभव, असा वर्तमानपत्रात गहजब झाला आणि ऐन शेवटच्या घटकेला ती खरवडून काढावी लागली. खरवडली कुणी, तर खुद्द जॉर्ज मॉर्गन यांनी. तेव्हा ते टाकसाळीचे मुख्य कोरीवकार होते. आपल्या नाण्याची जागा घेणाऱ्या नाण्यावर त्यांनी हात फिरवला! 'ट्रस्ट' शब्दात 'यू'ऐवजी 'व्ही' दिसेल, तो रोमन वळणाचा नखरा आहे. चुकीचं नाणं समजून जास्त पैसे देऊ नका.

पण १९२१ चा पीस इतका उठावदार होता की ठसे तुटू लागले. १९२२ पासून उठाव कमी केला, आणि केसांची नक्षी तिथेच मऊ पडली. त्यामुळे कोऱ्या पीसवरही केस पुष्कळदा सपाटच दिसतात, आणि वापरातल्या नाण्यावर तर चेहरा गुळगुळीत होऊन जातो. मॉर्गन झिजला तरी त्याच्या बटा आणि टोपीवरची गव्हाची-कापसाची माळ रूप राखून असते. म्हणून झिजलेलं नाणंच घ्यायचं असेल तर माझं मत सरळ मॉर्गनला. कोरं घ्यायचं असेल तर १९२२ किंवा १९२३ चा फिलाडेल्फियाचा पीस खुशाल घ्यावा. १९२२ मध्ये त्या एका टाकसाळीने पाच कोटींच्या वर पाडले, तुटवडा नाही. फक्त अगदी वरच्या दर्जाचा पीस हवा असा हट्ट धरलात तर तेवढ्याच दर्जाच्या १८८१ च्या एसपेक्षा जास्त पैसे मोजायची तयारी ठेवा.

एका बाबतीत पीस मॉर्गनला हरवतो. संपूर्ण संच लावायची खुमखुमी असेल तर पीसची सन आणि टाकसाळ धरून २४ नाणी होतात. आडवी येणारी मोजकी: १९२१, १९२८ चं फिलाडेल्फिया (३,६०,६४९ नाणी) आणि कोऱ्या अवस्थेतलं १९३४ एस. दर दोन महिन्यांनी एक म्हटलं तरी चार वर्षांत पुरतं. मॉर्गनचा संच नव्वदीच्या पुढे जातो, त्यात १८९३ एस हे फक्त एक लाख पाडलेलं नाणं, आणि १८९५ च्या फिलाडेल्फियाची तर खास चकाकीची ८८० सोडून बाजारात दुसरी दिसतच नाहीत. तो नाद आपला नव्हे.

दुर्मिळतेच्या मागे लागू नका असं मी सांगते त्याला अजून एक कारण आहे. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर, खूण 'ओ', एके काळी कोऱ्या अवस्थेत हजार डॉलरांच्या वर भाव सांगत असे. १९६२ च्या हिवाळ्यात खजिन्यातून पोती बाहेर आली, त्यात हीच नाणी निघाली आणि भाव कोसळला. नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टाकसाळीचंही तसंच काहीसं. 'सीसी' ही खूण पाहून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण १८८४ च्या तिथल्या सुमारे ११ लाख ३६ हजार नाण्यांपैकी साडेनऊ लाखांहून जास्त सरकारच्याच तिजोरीत सापडली आणि १९७२ पासून ती जनतेला विकली गेली. दुर्मिळ म्हणावी अशी ही नाणी नाहीत, भाव आहे तो नेवाडाच्या दंतकथेचा. मैत्रिणीच्या तीनशेतला मोठा घास एक सीसी खाऊन टाकेल. आवडत असेल तर घ्यावं, गुंतवणूक म्हणून नको.

आता माझी फजिती. सुरुवातीला एका नाण्यांच्या जत्रेत मी १८८९ चा ओ घेतला तो निव्वळ लखलखाट बघून. पुढे एका जाणत्या गृहस्थांनी भिंगाखाली दाखवलं: सगळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने बारीक ओरखडे. कुणीतरी तो चांगला घासूनपुसून लख्ख केला होता. विकायला नेला तेव्हा मोडीच्या भावावर फारसं काही मिळालं नाही. आपल्याकडे दिवाळीला चांदीची भांडी रांगोळीने नाहीतर पितांबरीने घासायची रीत आहे, आणि काळवंडलेलं नाणं दिसलं की हात शिवशिवतात. नाण्याला हात लावायचा नाही. काळपट थर असू द्या, कडेला धरा, पूजेत हळदकुंकू वाहायचं तर नाणं प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवून वरून वाहा. देवीला चालतं.

डबीवरून आठवलं. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्था नाणं तपासून १ ते ७० मध्ये दर्जा देतात आणि सीलबंद कवचात घालतात. साध्या झिजलेल्या नाण्याला हा खर्च परवडत नाही, पण कोरं नाणं घेताना नवख्याने कवचातलंच घ्यावं आणि त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा, कारण आता कवचंही बनावट येतात. सुटं नाणं घेणार असाल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा सोबत ठेवा. झिजेने काही दशांश ग्रॅम कमी भरलं तर ठीक, दोन-तीन ग्रॅमचा फरक म्हणजे नकली. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला, पण न चिकटणं हा खरेपणाचा पुरावा नव्हे. बंदा रुपया वाजवून घ्यायची आपली सवय इथेही कामी येते. फरशीवर आपटू मात्र नका. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच टिचकी द्या, चांदीचा नाद लांबतो. १९६४ चा पीस डॉलर कुणी देऊ केला तर मागे फिरा. डेन्व्हरला तीन लाखांवर पाडले होते, पण ते सगळे वितळवले अशीच सरकारी नोंद आहे.

आयसेनहॉवरचा डॉलर १९७१ ते १९७८ चा, तो चांदीचा समजून घेऊ नका. लोकांच्या वापरातल्या नाण्यात चांदी औषधालाही नाही, फक्त संग्राहकांसाठीच्या वेगळ्या नाण्यांत ४० टक्के आहे. आणि नुसती चांदीच हवी असेल तर १९८६ पासूनचा सिल्व्हर ईगल, पुरता एक औंस, शुद्धता ९९९. त्यात इतिहास नाही, पण हिशेब सोपा.

मैत्रिणीने शेवटी काय घेतलं? दोन नाणी: कवचातला १८८१ एस, आणि माझा सल्ला धाब्यावर बसवून १९२१ चा डेन्व्हरचा मॉर्गन. त्याला कारण मीच ठरले, कारण त्यामागची गोष्ट मीच तिला सांगितली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागू लागले, सरकारी चांदी संपत आली. तेव्हा १९१८ मध्ये पिटमन कायदा करून अमेरिकेने २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली सुमारे २५ कोटी ९० लाख नाण्यांची चांदी ब्रिटिशांना विकली, ती आपल्याकडे रुपये पाडण्यासाठी. कोणत्या सनाचे किती वितळले याची नोंदही ठेवली नाही. त्याच कायद्यात वितळवलेल्यांची भरपाई म्हणून नवे डॉलर पाडायची अट होती, आणि १९२१ चे मॉर्गन आणि त्यामागून आलेले पीस हे त्या भरपाईतले. तिच्या सांगलीच्या आजीकडे १९१८ चा पंचम जॉर्जचा राजाछाप आहे, कमळाखाली बारीक टिंब, म्हणजे मुंबईच्या टाकसाळीचा. तो इथे आणावा असं तिच्या मनात होतं. पण शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही, हे सांगितल्यावर तिने आजीला फोटो पाठवायला सांगितलं. लक्ष्मीपूजनाला पाटावर डेन्व्हरचा डॉलर होता आणि शेजारी फोनवर तो रुपया.