स्टडी कॅफे की अभ्यासिका? टिळकवाडीत दोन्हीकडं बसून बघितलं

खानापूरहून सकाळच्या गाडीनं बेळगावात उतरलं की संध्याकाळपर्यंत बसायचं कुठं हा आपल्यासारख्या परीक्षावाल्यांचा खरा प्रश्न, म्हणून यंदा पावसाळ्यात टिळकवाडीतल्या एका स्टडी कॅफेत आठ-दहा दिवस बसून बघितलं आणि बाकी दिवस नेहमीच्या अभ्यासिकेत.

कॅफेत मला सगळ्यात काय आवडलं तर टेबल. एकेकट्याचं, दोन्ही बाजूला फळी, खाली प्लग, वर पिवळा दिवा, कोपर लांब केलं तरी शेजाऱ्याच्या वहीला लागत नाही, आणि बाहेर आर्पीडी रोडला पाऊस कोसळत असला तरी आत फक्त पानं उलटल्याचा आवाज. लेक्चरचे व्हिडिओ बघायचे असतील तर वायफायसाठी तिथंच जावं. पण कॉफी दर दोन तासांनी घ्यावीशी वाटते, बिल वाढतंच, आणि कॅफीन असं की घेतलेल्यातलं अर्धं पाच-सहा तासांनीही अंगात असतं, म्हणजे संध्याकाळी 6 ला घेतली तर रात्री 11 ला डोळे टक्क उघडे. मी तर दुपारी 3 नंतर बंदच केली.

अभ्यासिकेत लाकडी बाक, पंखा कुरकुरतो, लाईट गेली की उकडतं. पण पेपर फुकट, मराठी-कन्नड दोन्ही, आणि समोरचा पोरगा चार तास मान वर करत नाही हे बघून आपल्यालाही उठवत नाही. पाठांतर, उत्तरं लिहायची प्रॅक्टिस मी तिथंच करते, कॅफे फक्त शनिवारी, टेस्ट सिरीजसाठी.